‘व्हिजिटर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: टीममध्ये नव्याने आलेल्या मुलांसाठी मी मराठीत टिपणं लिहितेय. जेसन स्कीमा (माहितीत कोणते रकाने कोणत्या प्रकारचे असावेत याचं वर्णन) वाचून त्यावरून डेटाबेसचे तक्ते तयार करणारा आमचा कोड व्हिजिटर पॅटर्नने लिहिलेला आहे, म्हणजे स्कीमाच्या प्रत्येक भागाकडे जाऊन काम करणारा ‘व्हिजिटर’ त्यात वेगळा लिहिलाय. ‘अभ्यागत’ लिहिलं तर एकाने विचारलं, “मंत्रालयात पास काढून जातो तो का?” ‘आगंतुक’ हिंदीत चालतो, पण मराठीत तो न बोलावता आलेला. स्कीमा आणि ट्रॅव्हर्सल (सगळे भाग एकेक करून पाहत जाणं) यांनाही शब्द हवेत.

प्रतिसाद: ‘आगंतुक’ तर अजिबात नको, कारण इथे घर, म्हणजे स्कीमाचा एकेक भाग, स्वतःहून दार उघडतं. ग्राहकाचा स्कीमा घ्या: नाव ही मजकुराची स्ट्रिंग, फोन हा यादीसारखा अ‍ॅरे, पत्ता हा आत आणखी रकाने असलेला ऑब्जेक्ट. फोनच्या अ‍ॅक्सेप्टला, म्हणजे व्हिजिटरला आत घेणाऱ्या मेथडला, हाक मारली की फोन स्वतःच व्हिजिटरचं ‘व्हिजिट-अ‍ॅरे’ चालवतो. ‘मी अ‍ॅरे आहे’ हे तोच सांगतो, म्हणून ‘तू कोण’ विचारणारी इफ-एल्सची रांग लागत नाही. ‘पाहुणा’ही जमत नाही. पाहुण्याची आपण सरबराई करतो, इथे आलेला माणूस काम करून जातो. मी ‘तपासनीस’ म्हणेन. त्यातला ‘नीस’ फारसी ‘नवीस’वरून आलाय, म्हणजे लिहिणारा. चिटणीस, फडणीस यांच्यातही तोच. दारोदार जाऊन पाहणारा आणि वहीत नोंद करणारा, हे तुमच्या कोडचं नेमकं वर्णन आहे. उद्या तक्त्यांऐवजी नुसती कागदपत्रं तयार करायची असतील तर दुसरा तपासनीस पाठवा, घरांना हात लावावा लागत नाही. मात्र घराचा नवा प्रकार आला की प्रत्येक तपासनिसाला तो शिकवावा लागतो. टिपणात हे जरूर लिहा.

प्रतिसाद: स्कीमासाठी ‘नमुना’ हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. रकाने ठरलेले, मजकूर प्रत्येक जमिनीचा वेगळा. ‘आराखडा’ म्हटलं की पुढे काहीतरी बांधायचं आहे असं वाटतं.

प्रश्नकर्ती: पण मग पॅटर्नला काय म्हणू? तिथेही ‘नमुना’च सुचतो.

प्रतिसाद: पॅटर्नला पॅटर्नच राहू द्या, तो शब्द रुळलाय. ट्रॅव्हर्सलला ‘फेरी’ म्हणा. ‘धांडोळा’ घेतो तेव्हा वस्तू कुठे आहे ते ठाऊक नसतं. इथे वाट ठरलेली असते, आधी घर आणि मग त्याच्या आतल्या खोल्या. एक धोका सांगून ठेवतो. वर्गाच्या (कॅटेगरीच्या) आत उपवर्ग आणि त्याचा ‘रेफ’, म्हणजे दुसऱ्या भागाकडे बोट दाखवणारा दुवा, पुन्हा वर्गाकडेच, असा नमुना आला की फेरी संपतच नाही. पाहिलेल्या दारावर खडूची खूण हवी, म्हणजे कोडमध्ये भेट दिलेल्यांचा सेट. पायथनच्या एएसटी मॉड्यूलमध्ये (ते पायथन कोडचेच भाग असे फिरून पाहू देतं) याच्या उलटी चूक होते. क्लाससाठी स्वतःची व्हिजिट मेथड लिहिली आणि तिच्यात आतल्या भागांकडे नेणाऱ्या ‘जेनेरिक व्हिजिट’ला हाक मारायची राहिली, तर फेरी उंबऱ्यावरच थांबते. आतली फंक्शनं कोणी पाहतच नाही आणि एररही येत नाही.

प्रश्नकर्ती: मग पहिलं वाक्य असं लिहिते: ‘तपासनीस नमुन्यातून फेरी घालतो, प्रत्येक घर आपला प्रकार सांगून त्याला आत घेतं.’ मेथडची नावं कोडमध्ये आहेत तशीच ठेवते. अ‍ॅक्सेप्टला मात्र ‘स्वीकार’ लिहिणार नाही, ‘दार उघडणे’ लिहीन.