घिबली म्हणजे 'स्वस्तातली डेटोना' नव्हे

मासेराती घिबली या जुन्या इटालियन स्पोर्ट्स कारला एकाने 'स्वस्तातली डेटोना', म्हणजे फेरारी डेटोनाची स्वस्त पर्यायी गाडी म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. घिबली १९६६ची, फेरारी डेटोना १९६८ची. इटालियन डिझायनर जुजारोने घिया या डिझाइन कंपनीत असताना रेखाटलेलं घिबलीचं ते लांबलचक, बसकं बॉनेट शक्य झालं ड्राय संपमुळे: तेल इंजिनच्या तळाशी न साठवता वेगळ्या टाकीत, म्हणून व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन खाली बसवता आलं. घिबलीच्या मागे मात्र पाटे (लीफ स्प्रिंग) आणि दोन्ही चाकं जोडणारा अखंड अॅक्सल, हे कबूल. डेटोनाचं ४.४ लिटरचं व्ही-१२ पुढे, गिअरबॉक्स मागे, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. वळणावर तीच सरस. तरी संग्रहासाठी मी घिबलीच निवडेन. त्या आकाराला तोड नाही! फक्त घेण्याआधी गाडी उचलून खालचा पत्रा बघा, गंज तिथेच लपतो.