कॉम्प्रेसरची लाइन : घरगुती वर्कशॉपला अर्धा इंच पुरतो, एक इंचाचा हट्ट कशाला?

पानापक्कड (धागाकर्ता)

घरी कॉम्प्रेसर आणला की पहिला सल्ला ठरलेला: हवेची मेन लाइन (भिंतीवरून नेलेला मुख्य पाइप) एक इंचाचीच टाक, नाहीतर पस्तावशील. हा सल्ला कारखान्यातला. तिथे तीस एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर असतो आणि लाइन शंभर मीटर पळते. इथे दहा बाय वीसचं गॅरेज, दोन एचपीचा बेल्टवाला कॉम्प्रेसर, शंभर लिटरची टाकी आणि एका वेळी काम करणारा एकच माणूस.

आकडे बघा. दोन एचपीचा सिंगल स्टेज कॉम्प्रेसर प्रत्यक्षात सहा सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आसपास हवा देतो. पाटीवर आठ छापलेलं असतं ते पिस्टनचं विस्थापन, बाहेर मिळणारी हवा नव्हे. टाकी भरलेली असताना थोडा वेळ दहा सीएफएम ओढले असं धरू. बी क्लास (मध्यम जाडीच्या) अर्धा इंची जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा, आतला व्यास १६ मिमी. सात बारला पंधरा मीटर लाइनीत, एल्बो-टी धरूनसुद्धा, दाब पडतो ०.०३ बारच्या आत. आता तोच प्रवाह दहा मीटर होजमधून न्या. आतला व्यास ८ मिमी असेल तर ०.३ बार, ६.५ असेल तर ०.८५ आणि स्वस्तातल्या ८ बाय ५ च्या (बाहेरून ८, आतून ५ मिमी) पीयू म्हणजे पॉलियुरेथेन ट्यूबमध्ये तीन बारच्या घरात. इंचाचा पाइप टाकून पुढे ही ट्यूब जोडणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

माझं म्हणणं: अर्धा इंची जीआय, बी क्लास, निळा पट्टा बघून घ्यायचा. आउटलेट तीन. वाचलेले पैसे १२ बाय ८ च्या होजवर आणि मोठ्या भोकाच्या क्विक कपलरवर (झटक्यात लावायच्या-काढायच्या जोडावर) घालायचे. पटत नसेल तर आकड्यांनी खोडा.

रंधा

आकडे मान्य, पण मग एक पाऊल पुढे जाऊन विचारतो: लाइन हवीच कशाला? टाकीला रेग्युलेटर, रेग्युलेटरला पंधरा मीटर रबरी होज, भिंतीवर रील. टायर, ब्लो गन, ब्रॅड नेलर (बारीक खिळे मारणारी गन) यांना ह्याच्या पलीकडे काही लागत नाही. नेलर तर एका खिळ्याला चिमूटभर हवा खातो. आणि डीए सँडरला (हवेवर चालणाऱ्या घासायच्या यंत्राला) सतत दहा-बारा सीएफएम लागतात. तो सहा सीएफएमच्या कॉम्प्रेसरवर दम टाकणारच, पाइप कुठलाही घाला. लाइन टाकून कॉम्प्रेसर मोठा होत नाही.

चौदापंधरा

लाइन टाकायचीच तर सीपीव्हीसी (गरम पाण्याला वापरतात तो प्लॅस्टिक पाइप) का नको? एसडीआर ११ च्या (व्यास भिंतीच्या जाडीच्या अकरा पट) पाइपवर स्पष्ट छापलेलं असतं, २३ अंशाला २८ किलो, ८२ अंशाला ७ किलो प्रति चौ. सेंमी. आपला कट-ऑफ (कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो तो दाब) आठ किलोचा, साधारण आठ बार, म्हणजे तिप्पट मार्जिन. गंजत नाही, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतो, सॉल्व्हंट लावून दुपारी सुरू केलेलं काम संध्याकाळी संपतं. चूडी पाडायला जीआय रिक्षात घालून कोण नेणार?

दाबमापक

@चौदापंधरा, ही तिप्पट मार्जिन पाण्याची आहे, हवेची नव्हे. मुद्दा पाइप किती दाबाला फुटतो हा नाहीच, कसा फुटतो हा आहे. पाणी दाबलं जात नाही; तडा गेला की दाब तिथल्या तिथे शून्य, फारतर फरशी ओली. अर्धा इंची पाइपच्या दहा मीटरमध्ये दोन लिटर हवा असते, सात बारला. तडा गेला की त्या दोन लिटरचे सोळा लिटर होतात, क्षणात, आणि मागून टाकी ढकलत असतेच. पीव्हीसी-सीपीव्हीसी फाटत नाही, त्याचे धारदार तुकडे उडतात.

त्यात फुटायला निमित्त लागतं ते गॅरेजमध्ये हमखास असतं: शिडीचा धक्का, उन्हाने ठिसूळ झालेला भाग, कॉम्प्रेसरचं कंपन, एल्बोजवळ सॉल्व्हंट जास्त झालेला सांधा. शिवाय कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर तेलाचं धुकं येतं. काही सिंथेटिक तेलं ह्या प्लॅस्टिकला आतून केसासारखे तडे पाडतात. पाइप वर्षानुवर्षं ठीक दिसतो आणि एक दिवस जातो. अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा खात्याने १९८८ मध्येच उघड्यावरच्या हवेच्या लाइनीला पीव्हीसी वापरू नका अशी सूचना काढली होती. यावर वाद घालण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत.

चौदापंधरा

स्पष्ट मत ठीक आहे, पण कितीतरी पंक्चरवाल्यांकडे आणि छोट्या गॅरेजांत पांढरा पाइपच दिसतो. सगळे जखमी झालेत का?

दाबमापक

नाही झाले. म्हणून तो सुरक्षित ठरत नाही, एवढंच. भिंतीत गाडा किंवा लोखंडी पाइपच्या आत घाला, मग तुकडे उडणार नाहीत. पण लोखंडी पाइप घेणारच असाल तर त्यातूनच हवा न्या की.

फवारा

सगळे दाबावर बोलताय, पाण्यावर कुणीच नाही. स्प्रे पेंटिंग करणाऱ्याला दाब पडला तर तो रेग्युलेटर फिरवतो. पाण्याचा थेंब गनमधून आला तर पूर्ण पॅनेल घासावं लागतं. आणि पानापक्कड, तुमचा अर्धा इंच इथेच कमी पडतो.

जुलैत कोकणात हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली, तर दर घनमीटर हवेत जवळपास २४ ग्रॅम पाणी असतं. तीच हवा सात बारला दाबून ३५ अंशापर्यंत थंड केली की ती पाचेक ग्रॅमच धरू शकते. म्हणजे घनमीटरमागे वीस ग्रॅम पाणी सुटलं. सहा सीएफएमचा कॉम्प्रेसर तासभर सलग चालला तर दहा घनमीटर हवा होते, म्हणजे २०० मिली, जवळजवळ एक पेला पाणी. नाशिकला जानेवारीच्या कोरड्या हवेत मुळात पाचेक ग्रॅमच असतात, त्यामुळे पाणी सुटतं ते नावापुरतं. 'माझ्या लाइनीत पाणीच येत नाही' असं कुणी लिहिलं की मी आधी गाव आणि महिना विचारतो.

हवा कॉम्प्रेसरच्या डोक्यातून शंभर अंशाच्या वर निघते. टाकीत काही पाणी पडतं, पण गन सतत चालू असेल तर टाकीतून बाहेर पडणारी हवासुद्धा कोमटच असते. तिला पाइपच्या भिंतीने थंड करायचं असतं. एक इंचात पृष्ठभाग जास्त आणि हवेचा वेग कमी, म्हणून थेंब खाली बसतात. रंधा यांच्या रबरी होजमध्ये तर हवा थंडच होत नाही. वाफ थेट गनपर्यंत जाते आणि तिथे पाणी होते.

पानापक्कड

पाण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य, इंचाचा नाही. वेगाचं म्हणाल तर १६ मिमी भोकात दहा सीएफएमला सात बारवर वेग येतो सेकंदाला तीन मीटर. सहाच्या खाली असला की झालं. पृष्ठभागाचं म्हणाल तर इंचाचा जीआय बाहेरून साधारण ३४ मिमी, अर्ध्याचा २१. दीडपटीचा फरक. तेवढा पृष्ठभाग लांबी वाढवूनही मिळतो, आणि इंचाचे फिटिंग, युनियन (मधेच खोलता येणारा जोड), बॉल व्हॉल्व्ह सगळंच महाग.

कॉम्प्रेसरमागच्या भिंतीवर दोन-दोन मीटरचे चार उभे पाइप वरखाली वळवून घ्या. आठ-नऊ मीटर थंड होणारा पाइप मिळाला, जागा मीटरभर. खालच्या प्रत्येक वळणाला एल्बोऐवजी टी, टीखाली वीस सेंमीचा तुकडा आणि त्याला बॉल व्हॉल्व्ह. पाणी तिथे साठतं, तिथूनच सोडायचं. भिंतीपासून दोन-तीन सेंमी सुटा ठेवा, मागून हवा फिरली पाहिजे. आणि ही जाळी तापणाऱ्या पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या उन्हाच्या भिंतीवर लावलीत तर तिचा काही उपयोग नाही.

फवारा

हे चालेल. इंच मागे घेतो, पण दोन गोष्टींवर अडून राहणार. एक, फिल्टर टाकीला चिकटून लावू नका. ही चूक सर्रास दिसते. तिथे पाणी वाफेच्या रूपात असतं आणि वाफ फिल्टरमधून आरामात निघून जाते. फिल्टर-रेग्युलेटर जाळीच्या शेवटी, शक्यतो गनच्या आउटलेटवर. दोन, एफआरएल (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) संचातला एल, म्हणजे हवेत तेल सोडणारा लुब्रिकेटर, पेंटच्या लाइनीत कुठेही नको. एकदा तेल लाइनीत शिरलं की रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडत राहतात आणि ते धुऊन निघत नाही. इम्पॅक्टला (नट सोडवणाऱ्या हवेच्या पान्याला) तेल हवं तर नळीच्या तोंडात चार थेंब हाताने टाका.

सांधेजोड

जीआयची एवढी स्तुती चालू आहे म्हणून विरोधी बाजू मांडतो. चूडी पाडताना जस्ताचा थर तिथेच कापला जातो, आणि पाणी नेमकं सांध्यात बसतं. गंज तिथून सुरू होतो आणि त्याची पूड फिल्टर चोंदवते. अॅल्युमिनियमची निळी मोड्युलर लाइन उत्तमच, पण तीन आउटलेटसाठी ती म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पीपीआर (सांधे वितळवून जोडायचा हिरवा प्लॅस्टिक पाइप) घ्या. मात्र कंपनीच्या कॅटलॉगमध्ये 'कॉम्प्रेस्ड एअर' असा वापर छापलेला असेल तोच. २५ मिमी पीएन २० (२० बार दाबाचा वर्ग) ची भिंत ४.२ मिमी, आतला व्यास १६.६, म्हणजे धागाकर्त्याच्या अर्ध्या इंचाएवढाच. हिरवा पाइप पाऊण इंची दिसतो म्हणून फसू नका. २० मिमी घेतलात तर आत १३ मिमीच उरतात. वेल्डिंग मशीन २६० अंशावर, २५ मिमीला सात सेकंद, आत १६ मिमी जाईल अशी पेन्सिलची खूण, सरळ आत ढकला, पिळायचं नाही. दोन मिनिटं हात लावू नका. जास्त तापवलं किंवा जास्त आत ढकललं की आतल्या बाजूला वितळलेली कडी तयार होते आणि अर्धं भोक तिथेच बुजतं. बाहेरून सांधा देखणा दिसतो, म्हणून हे कळतही नाही.

दाबमापक

पीपीआर साध्या तापमानाला तुकडे करत नाही, फाटतो. म्हणून त्याला सीपीव्हीसीच्या पंक्तीला बसवणार नाही. पण फवारा यांचा मुद्दा त्याला लागू पडतो: पीपीआर उष्णता कोंडून ठेवतो. त्यातून पंधरा मीटर हवा नेली तरी ती पुरेशी थंड होत नाही. शिवाय तो फुगतो, दहा मीटरला वीस अंशाच्या फरकाने तीन सेंमी. ६०-७० सेंमीवर क्लॅम्प नसेल तर मध्ये झोळ पडतो आणि झोळात पाणी. उन्हात तर नकोच.

सांधेजोड

मग दोन्ही वापरा. थंड करणारी जाळी जीआयची, तिच्या पुढे वाटप पीपीआरचं. तोवर हवा खोलीच्या तापमानाला आलेली असते. ब्रासच्या चूडीत नळकाम्याचा जोर लावू नका, पीपीआरमधला ब्रासचा तुकडा फिरतो आणि तिथून कायमची गळती.

रंधा

बघा, होज आणि रील म्हटलं होतं, तुम्ही जाळी, वेल्डिंग मशीन आणि दोन जातींच्या पाइपांवर पोचलात. पेंट करणाऱ्यांनी जरूर करावं. बाकीच्यांनी होज रीलच्या शेवटी एक फिल्टर लावून रोज संध्याकाळी टाकीचा ड्रेन उघडला तरी चालतं.

पानापक्कड

पेंट करत नसाल तर तुमचं बरोबर, यात वाद नाही. फक्त पंधरा मीटर होजचा आतला व्यास १० मिमीच्या खाली नको, नाहीतर इम्पॅक्ट नट हलवणार नाही. तपासायला सोपं आहे: गनच्या मुळाशी टी घालून गेज लावा आणि ट्रिगर दाबून वाचा. ट्रिगर सोडल्यावर दिसणारा दाब काही सांगत नाही.

चौदापंधरा

ठीक, सीपीव्हीसी रद्द. जीआय केलं तर सांध्यांना सूत आणि सफेदा (चूडीवर गुंडाळायचा धागा आणि वर लावायची पांढरी लुकण) चालेल ना? आमचा प्लंबर तेच लावतो.

दाबमापक

नको. सूत पाण्याने फुगतं म्हणून नळाला बसतं. हवेच्या लाइनीत ते सुकतं आणि सांधा फुसफुसायला लागतो. टेफ्लॉन टेप लावा, पहिली चूडी मोकळी सोडून, नाहीतर टेपचा तुकडा तुटून गनच्या नोझलमध्ये अडकतो. त्याहून चांगलं अॅनरोबिक थ्रेड सीलंट (चूडीत हवा न लागता घट्ट होणारा चिकटा). प्रत्येक भिंतीला एक तरी युनियन ठेवा, मधला सांधा गळला तर अख्खी लाइन उलगडावी लागणार नाही. टाकी आणि पाइप यांच्यात अर्धा मीटर वेणीची होज हवीच, तिच्यामागे बॉल व्हॉल्व्ह. कंपन थेट जीआयमध्ये गेलं तर पहिल्या एल्बोची चूडी तडकते.

चौदापंधरा

आणि टेस्ट? थेट आठ किलो भरून साबण लावायचा?

दाबमापक

आधी पाण्याने. सगळ्यात वरचा आउटलेट उघडा ठेवून लाइन पाण्याने काठोकाठ भरा, आत हवा राहू देऊ नका, मग हातपंपाने बारा बार, अर्धा तास. फिल्टर-रेग्युलेटर त्या वेळी काढून ठेवा. पाणी सोडून लाइन हवेने झटका, मग दोन बारला साबणाचं पाणी, मग पूर्ण दाब. शेवटी कॉम्प्रेसर बंद करून सगळे आउटलेट मिटा, टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि टाकी गार झाल्यावर गेज बघा. शंभर लिटरच्या टाकीत वीस मिनिटांत एक बार उतरला तर गळती मिनिटाला पाच लिटर, शोधून काढण्यासारखी. एक मिमीचं भोक सात बारला अडीच सीएफएमच्या आसपास खातं, म्हणजे तुमच्या सहातले चाळीस टक्के. बहुतेक वेळा ते पाइपात सापडत नाही, क्विक कपलरच्या आतल्या रबरी रिंगेत सापडतं.