पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी तुम्ही कोणाला फोन केला होता?

गेल्या श्रावणात देवळातून परतताना आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र मोटारसायकलवरच्या दोघांनी ओढून नेलं. घरात पहिला प्रश्न झाला, "लागलं का कुठं?" आणि दुसरा, "ठाण्यात ओळखीचं कोण आहे?" बाबांनी वॉर्डातल्या एका पुढाऱ्याच्या माणसाला फोन लावला. आम्ही पोचलो तेव्हा तो निरोप ठाणे अंमलदारांपर्यंत गेलेला होता. खुर्ची मिळाली, आईला पाणी मिळालं, तासाभरात फिर्याद टाइप होऊन सही झाली.

त्याच खोलीत बाकावर एक आजोबा बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत मोबाइलचा रिकामा खोका आणि घडी घातलेली पावती. एसटीत चढताना फोन गेला होता. ते आमच्या आधीपासून बसले होते. त्यांना दोनदा "थांबा" सांगितलं आणि शेवटी एका छोट्या कागदावर शिक्का मारून पाठवलं. जाताना त्यांनी आईला विचारलं, "तुमचं लिहून घेतलं ना, माई?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. पोलिसांवर राजकारण्यांचा दबाव असतो, असं आपण सगळेच म्हणतो. त्या रात्री तो दबाव आम्ही आणला होता, आणि आम्ही साधी माणसं आहोत. विश्वास नव्हता म्हणून फोन केला. आणि आमच्या फोनमुळे त्या आजोबांचा उरलासुरला विश्वास गेला असणार.

म्हणून हा धागा. ठाण्यात जाताना तुम्ही कोणाला फोन केला, की सरळ गेलात? पुढे काय झालं? वर्दीतल्या लोकांनीही लिहावं, त्यांची खास वाट बघतोय. कुठल्या ठाण्यातलं, कोणत्या अधिकाऱ्याचं ते कृपया लिहू नका.

ठाणे, खासगी नोकरी

सरळ गेले. रिक्षावाल्याने हात धरला होता. महिला अंमलदार होत्या, त्यांनी माझं म्हणणं मधे न तोडता ऐकलं. एनसी लिहिली, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. पुढे काहीच झालं नाही, पण पुन्हा काही घडलं तर मी पुन्हा सरळच जाईन, एवढं त्या ऐकून घेण्याने झालं.

बीड जिल्हा, कायद्याचा विद्यार्थी

तुमच्या प्रश्नाचं आमच्या घरातलं उत्तर असं की, फोन करायला कोणी नव्हतंच. मी पारधी समाजातला. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून आमच्यासारख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून पुसला गेला, म्हणून आम्ही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. कागदावरून, असं मुद्दाम लिहिलंय.

माझ्या लहानपणी परिसरात घरफोडी झाली की रात्री वस्तीवर जीप यायची. तिचा आवाज आजीला फाट्यावरूनच कळायचा. ती दिवा विझवायची आणि आबा तुरीच्या रानात जाऊन झोपायचे. पळाले म्हणजे चोर, असं पोलीस म्हणायचे. थांबले तरी चोरच ठरायचे, हे आम्हाला ठाऊक होतं. गावातल्या पुढाऱ्याकडे गेलं तर तो विचारायचा, "तुमची मतं किती?" वस्तीत नऊ घरं. बऱ्याच जणांची नावं यादीतही नव्हती.

दोन वर्षांपूर्वी चुलतभावाला असंच उचललं तेव्हा मी ठाण्यात गेलो. अटकेची कारणं लेखी द्या, कुटुंबाला कळवल्याची नोंद दाखवा, एवढंच म्हणालो. आवाज चढवला नाही, पाय मात्र थरथरत होते. साहेबांनी मला वर-खाली बघितलं आणि विचारलं, "तुला कोणी पाठवलंय?" मी कोणाच्या तरी सांगण्यावरून आलोय, असंच त्यांना वाटत होतं. मागं कोणी नसताना माणूस नुसता कायदा घेऊन येतो, हे त्यांनी बहुतेक पाहिलेलं नसावं. भाऊ संध्याकाळी घरी आला.

निवृत्त हवालदार, सातारा जिल्हा

चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. फोनच्या दुसऱ्या टोकाला मी होतो, म्हणून लिहितो.

फोनवर कोणी "गुन्हा घेऊ नका" असं कधी म्हणत नाही. म्हणतात, "आपला माणूस आहे, जरा बघून घ्या." एवढंच. त्यातून काय समजायचं ते आम्ही समजायचं. उद्या प्रकरण अंगाशी आलं तर फोन करणारा म्हणणार, मी फक्त बघा म्हणालो होतो. स्टेशन डायरीत त्या फोनची नोंद नसते. नोंद आमच्या अक्षराची असते.

माणसं विचारतात, मग ऐकता कशाला? बदलीपायी. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितलं की ठाण्याच्या प्रमुखाला निदान दोन वर्षं हलवू नका, बदल्या ठरवायला पोलीस आस्थापना मंडळ करा, तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण करा. आपल्याकडे २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती झाली. अधिकाऱ्याला ठाण्यात दोन वर्षं, अंमलदाराला पाच वर्षं, असं लिहिलं. पण त्याच कायद्यात लोकहितासाठी किंवा प्रशासकीय गरजेपोटी मुदतीआधी हलवायची मुभाही आहे. ज्याची मुलगी दहावीला आहे आणि बायको त्याच गावात शिक्षिका आहे, त्याला ती मुभा रोज डोळ्यांपुढं दिसते.

माझे एक साहेब होते. वाळूचा ट्रक सोडा म्हणून फोन आला, सोडला नाही. आठव्या दिवशी मुख्यालयाला जमा. आम्ही गाडीपर्यंत सोडायला गेलो, गावातलं एक माणूस आलं नाही. त्या गावची नदी त्यांनी वाचवली होती. मला त्याचं दुःख अजून आहे. लोक पाठीशी उभे राहतील असा भरवसा पोलिसालाही लागतो.

भिवंडी, निवृत्त शिक्षक

हवालदारसाहेबांचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. आमच्या गावाने १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्यात. त्यानंतर पोलिसाची गाडी गल्लीत आली की दोन्ही बाजूंची दारं बंद व्हायची. प्रत्येकाला वाटायचं, हे त्यांचे आहेत.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे इथे उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. शांतता समिती आधीही होती, पण तिच्यात पुढारी आणि बडी मंडळी. दंगल पेटल्यावर फोटोपुरती बसणारी. ह्या कमिट्यांत कारखान्यातला कामगार, किराणावाला, माझ्यासारखा मास्तर असे लोक, दोन्ही धर्मांचे. बैठका वर्षभर व्हायच्या, गल्लीतच. आणि बोलणं कशावर? गटार, नळावरचं भांडण, पोराने मारलेली शिट्टी. सुरुवातीला मला हा वेळकाढूपणा वाटला होता. माझी चूक होती. नळावरच्या भांडणात जो हवालदार दोन्ही बाजू ऐकून घेतो, त्याचं अफवेच्या रात्रीही लोक ऐकतात.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती. भिवंडी शांत राहिली. मी आणि समोरचे अन्सारीभाई रात्री नाक्यावर एकाच बाकड्यावर जागत होतो, मधे आमचा बीट हवालदार. मुंबईत काय घडलं ते श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात लिहून ठेवलंय. त्यात ३१ पोलिसांवर ठपका आहे. दोन्ही शहरांत पोलीस एकाच राज्याचे, वर्दी एकच, सरकारही एकच. फरक त्याआधीच्या चार वर्षांत पडला होता.

सांगली जिल्हा, पोलीस पाटील

भिवंडीचं वाचून बरं वाटलं. खेड्यातलंही ऐका. १५ ऑगस्ट २००७ ला आबांनी, म्हणजे आर. आर. पाटलांनी, तंटामुक्त गाव मोहीम काढली. गावातले तंटे गावातच मिटवायचे, गावाला बक्षीस. बांधाची, वाटणीची, भावकीची कितीतरी भांडणं मिटली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन सख्खे भाऊ अकरा वर्षांनी एका ताटात जेवले आमच्याकडं.

पण समितीचा अध्यक्ष कोण, यावर गावात पंचायतीच्या निवडणुकीसारखी ओढाताण झाली. ज्या गटाचा अध्यक्ष, त्या गटाच्या माणसाला समितीवर विश्वास. दुसरा गट तालुक्याला जाऊन फिर्याद देणार. आणि एक गोष्ट मला आजही टोचते. नवऱ्याने मारलेली एक पोर दोनदा आमच्याकडं आली. दोन्ही वेळा समजूत घालून परत पाठवली. गावात गुन्हा दाखल झाला तर बक्षीस जाईल, असं एक जण उघड बोलला. मी गप्प राहिलो. तिसऱ्यांदा ती आमच्याकडं आली नाही, सरळ ठाण्यात गेली. तिनं बरोबर केलं.

मिनियापोलिस, मूळची नाशिकची

इथे ठाण्याच्या प्रमुखाला कोणी आमदार फोन करत नाही, निदान मी ऐकलेलं नाही. पण पोलीस कसे असावेत, यावर लोक सरळ मत देतात. २५ मे २०२० ला पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाली ती जागा आमच्या घरापासून लांब नाही. तीन दिवसांनी इथलं थर्ड प्रिसिंक्ट ठाणं जाळलं गेलं. त्या रात्री आमच्या गल्लीत प्रत्येक घराने अंगणात पाण्याचा पाइप जोडून ठेवला होता, आणि दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर शेजारी आळीपाळीने खुर्ची टाकून बसत होते. ११२ किंवा १०० लावून कोणी येणार नाही, ही भावना मी नाशिकमध्ये ऐकली होती, अमेरिकेत पहिल्यांदा अनुभवली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मतपत्रिकेवर प्रश्न होता: पोलीस खातं बंद करून त्याजागी सार्वजनिक सुरक्षेचं नवं खातं आणायचं का? साधारण ५६ टक्के लोकांनी नाही म्हटलं. मला सर्वांत शिकवून गेली ती आमची शेजारीण, कृष्णवर्णीय आजी. तिच्या मुलाला पोलिसांनी गाडी थांबवून कितीदा झडती घेतली, ते ती बोटांवर मोजून सांगते. तिनेही नाही म्हटलं. म्हणाली, "मला पोलीस नकोत असं नाही. मला माझ्या मुलालाही आपला मानणारे पोलीस हवेत." बीडच्या भावाचं वाचताना तिचीच आठवण आली.

मुंबई, अंमलदाराची पत्नी

फोनबद्दल सगळे बोलताय, थोडं तासांबद्दलही. कोणाची सभा, कोणाचा मोर्चा, कोणाचा दौरा. निरोप आदल्या रात्री येतो आणि सुट्टी जाते. गणपतीत आमच्या घरचा बाप्पा मुलगाच बसवतो, बाबा दुसऱ्यांच्या विसर्जनाला. २०१६ मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तेव्हा माणसं उजेडात घरी जायला लागली. एका अंमलदारानेच ती आखणी मांडली होती आणि त्या वेळचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती मनावर घेतली. चौदा तास उभा राहिलेला माणूस तुमच्या आजोबांना "थांबा" म्हणतो. ते चूकच आहे. पण त्याला त्या दिवशी कोणी "बसा" म्हटलेलं नसतं.

नागपूर, वकील

माहितीसाठी. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली तर ठाणेदाराला ती नोंदवावीच लागते, हे ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली ठरलंय. जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्द कुठलीही असो, खबर घ्यायलाच हवी. तीन वर्षांपासून सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत मात्र वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. नोंदीची प्रत मोफत मिळते. घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तरी हललं नाही तर दंडाधिकारी आहेत. आणि पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम इंग्रजांच्या पुराव्याच्या कायद्यातून नव्या कायद्यातही तसाच आलाय. विश्वासाची गोष्ट निघाली की मला हे कलम आठवतं.

धागाकर्ता

हवालदारकाका, एक विचारू का? त्या आजोबांची तक्रार आमच्यासारखी टाइप का नाही झाली? आमच्या कागदावर गुन्ह्याचा नंबर आहे. त्यांच्या हातात नुसता अर्ध्या पानाचा शिक्का मारलेला कागद होता.

निवृत्त हवालदार, सातारा जिल्हा

तो कागद गहाळ प्रमाणपत्र असणार. फोन चोरीला गेला म्हटलं की गुन्हा दाखल करावा लागतो. गहाळ झाला म्हटलं की नुसती नोंद. मी स्वतः अशी शेकड्यांनी लिहिली आहेत.

का, तेही सांगतो. दर महिन्याला अधीक्षकांपुढं गुन्ह्यांची आढावा बैठक होते. दाखल किती, उघड किती. आकडा वाढला की आमच्या साहेबांना उभं करतात. अधीक्षकांना वरून विचारतात, कारण अधिवेशनात विरोधक तोच आकडा वाचून दाखवणार, जिल्ह्यात चोऱ्या वाढल्या म्हणून. कुठलाही पक्ष सत्तेत असू दे, मी सगळे पाहिले, प्रत्येकाला आकडा कमी हवा. पेपरवाल्यांनाही तोच लागतो आणि वाचणाऱ्यांनाही. जो अधिकारी प्रामाणिकपणे सगळं लिहून घेईल, त्याच्याच हद्दीत गुन्हेगारी वाढलेली दिसणार. मग अधिकारीच ठाणे अंमलदाराच्या टेबलाला सांगतो, जरा बघून लिहा. तुमच्या मंगळसूत्राला फोन होता म्हणून ती चोरी झाली. आजोबांचा फोन गहाळ झाला.

चोरीची फिर्याद लिहायला मला वीस मिनिटं लागायची. गहाळच्या कागदाला पाच.

ते आजोबा त्याच एसटीने ये-जा करत असतील तर स्टँडवर भेटतील. कागद बघा. खोक्यावर फोनचा पंधरा आकडी नंबर असतो, तो उतरवून घ्या. आणि त्यांना घेऊन परत जा, चोरी म्हणून लिहून घ्यायला सांगा. तुम्ही सोबत बसा. मात्र या वेळी आधी कोणाला फोन करू नका.