मदत हवी आहे: पँगाँगच्या गोठलेल्या पाण्यावर उतरण्याआधी बर्फ कसा तपासायचा?

फेब्रुवारीत आम्ही मुंबईहून लडाखला जातोय. सोबत ताईची दोन मुलं आहेत, वय १२ आणि १५. त्यांना गोठलेल्या पँगाँग सरोवरावर चालायचंच आहे. गाडीवाले दादा फोनवर म्हणाले, 'सगळेच चालतात.' एवढ्यावर मुलांना बर्फावर सोडायचा माझा धीर होत नाही.

वाचून कळलेलं असं: गोड्या पाण्याचा पारदर्शक, घट्ट बर्फ किमान १० सेंटीमीटर असेल तर माणसाने चालावं. पांढरा, दुधट बर्फ साधारण निम्माच मजबूत धरायचा. ओढा येऊन मिळतो तिथे बर्फ पातळ राहतो, आणि वर हिम साचलं असेल तर खालची जाडी हळूच वाढते. पण पँगाँगचं पाणी खारट आहे, आणि खारा बर्फ गोड्या बर्फापेक्षा कमकुवत असतो. माझं घोडं नेमकं इथे अडलंय.

तरंगणारा पॉलिप्रॉपिलीनचा दोर भाऊच्या धक्क्याजवळ मिळाला, लाइफ जॅकेटही घेतली आहेत. गळ्यात अडकवायचे बर्फाचे टोचे (पाण्यात पडलं तर बर्फात रोवून वर यायला) मात्र दादर-फोर्टच्या दुकानांत कुठेच नाहीत. विरळ हवेबद्दल डॉक्टरांशी बोलून झालंय, त्यामुळे तो विषय नको. गाडी बर्फावर न्यायची नाही, स्केटिंगही नाही, फक्त काठाजवळ चालायचंय.

हिवाळ्यात तिथे प्रत्यक्ष गेलेल्यांनी सांगा: खाऱ्या बर्फासाठी किती जाडी धरता, आणि ती मोजायला ड्रिल किंवा पहार तिथल्या गावात मिळते का?