अनुभव धागा : जुन्या गाडीचे ड्रम काढून डिस्क ब्रेक

पद्मिनी, ॲम्बॅसॅडर, बीटल, कोणतीही चालेल. पुढे डिस्क बसवताना काय बदललं आणि कुठे अडलं ते लिहा. ‘एकदम मस्त झालं’ एवढंच नको, मापं द्या. उत्तरावर आपलं गाव लिहा.

म्हापसा
सुरुवात रिमपासून करा. कॅलिपरवर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) मुलांच्या खेळातल्या मातीचे गोळे चिकटवा, रिम घट्ट बसवून हाताने फिरवा. गोळा दबून 3 मिमीपेक्षा पातळ उरला तर ती रिम-कॅलिपरची जोडी सोडा. ॲम्बॅसॅडरच्या 15 इंची रिममध्ये ही कटकट कमी. डिस्क फिरवून डायल गेज (डुलणं मोजणारं घड्याळ) लावा, 0.1 मिमीच्या वर डुलली की पेडल पायाखाली थरथरतं. डिस्क लेथवर न्यायच्या आधी डिस्क बसते त्या हबच्या तोंडावरचा गंज पॉलिश पेपरने काढा, निम्म्या वेळा दोष तिथेच असतो.

मडगाव
खरी गोम मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या पंपात. ड्रमच्या लाइनमध्ये साधारण 10 पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड सुटतच नाहीत आणि चार-पाच किलोमीटरमध्ये हबला हात लावता येत नाही. मात्र सिलिंडर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खाली असेल, तर 2 पीएसआयचा व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर ऑइल मागे उतरतं आणि पहिलं पेडल तळाला जातं.

चाक जाम झालं तर ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा एअर काढायचा स्क्रू) ढिला करा. चाक सुटलं नाही तर कॅलिपर अडकलाय. सुटलं तर दाब कोंडलाय. मग निपल आवळा, पेडल दाबून चाक पुन्हा जाम करा आणि मास्टर सिलिंडर ज्यांनी गाडीला बसवलाय ते नट ढिले करा. आता सुटलं तर दोष पुशरॉडचा (पेडलपासून सिलिंडरपर्यंतची दांडी): 1 मिमी तरी प्ले, म्हणजे मोकळीक ठेवा. तरीही सुटलं नाही तर व्हॉल्व्ह किंवा फुगलेला होज (रबरी नळी) तपासा.

ड्रममध्ये शू (ड्रमला आतून घासणारा भाग) स्वतःच आत ओढला जातो, डिस्कमध्ये तसं होत नाही. म्हणून पेडल जड लागतं. मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर लावलात तर आणखी जड, छोटा लावलात तर पेडल खोल जातं. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) घ्या, आणि जुना एका सर्किटचा (चारही चाकांना एकच ऑइल लाइन) सिलिंडर असेल तर याच खर्चात दोन सर्किटचा बसवा.

फोंडा
मागचे ड्रम राहू द्या, हँडब्रेक त्यावरच आहे. पण मागच्या लाइनमध्ये ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी करणारा) टाका. पावसात अनमोड घाट उतरताना मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी आडवी येते. ओल्या मोकळ्या मैदानात तपासा: पुढची आधी लॉक व्हायला हवीत.

वास्को
इथल्या खाऱ्या हवेत साधी स्टीलची पाइप टिकत नाही. 4.75 मिमीची कॉपर-निकेल घ्या, टोकाला डबल फ्लेअर (दुहेरी दुमडून पसरवलेलं तोंड). फ्रिजची तांब्याची नळी अजिबात नको, थरथरून फ्लेअरपाशी चिरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं: डॉट 4 (ऑइलचा दर्जा) नवं असताना 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलं झालं की ही मर्यादा 155 पर्यंत उतरते. उघडून ठेवलेली बाटली वापरू नका, दर पावसाळ्यानंतर ऑइल बदला. कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लायडर पिनला सिलिकॉन ग्रीसच, साध्या ग्रीसने रबर फुगतं.

डिचोली
ड्रम, बॅकप्लेट, लायनर भंगारात घालू नका. 2021 च्या नियमाने 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती मूळ स्वरूपात राखलेली हवी. आरटीओत आधी विचारा, मग पाना उचला.

रायबंदर
ब्रेक लाइनमधली एअर निघतच नसेल तर डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झालाय का बघा. ब्लीडर निपल वरच्या बाजूलाच हवा.