ओकलंडचं मैदान सुटलं, त्यात एवढं रडण्यासारखं काय?

फ्रीमाँटकर: इथल्या बेसबॉलवेड्यांचं सुतक अजून फिटत नाही. त्यांच्या संघाने, म्हणजे अ‍ॅथलेटिक्सने २६ सप्टेंबर २०२४ ला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या कॉलिझियम मैदानावर शेवटचा सामना खेळून टेक्सासला ३-२ ने हरवलं आणि गाशा गुंडाळला. पण संघ मुळात ओकलंडचा कुठे? १९०१ मध्ये सुरुवात फिलाडेल्फियात. तिथे १९०९ ला पोलाद-काँक्रीटचं शाइब पार्क उभारलं, तेही सोडलंच की. १९५५ पासून कॅन्सस सिटी, १९६८ पासून ओकलंड. आता सॅक्रामेंटो, पुढे लास वेगास. शिवाय २०१३ ला कॉलिझियमच्या ड्रेसिंग रूममध्ये चक्क मैला तुंबून वर आला होता. अशा जागी कोण राहील?

बार्टचा_पूल: फिरस्ता म्हणताय, पण ओकलंडचे मोसम मोजलेत? ५७. फिलाडेल्फियाचे ५४! पहिल्याच मोसमात पिचर (चेंडू टाकणारा) कॅटफिश हंटरचा परफेक्ट गेम, म्हणजे समोरचा एकही फलंदाज बेसवर पोचू न देता जिंकलेला सामना, मग १९७२, ७३, ७४ अशी लागोपाठ तीन विजेतेपदं आणि १९८९ ला चौथं. पूर्वी स्टँडमधून मैदानापलीकडे ओकलंडच्या टेकड्या दिसायच्या. १९९५ ला अमेरिकन फुटबॉलचा संघ रेडर्स परतला, त्यांच्यासाठी समोर काँक्रीटचा अवाढव्य स्टँड चढवला आणि टेकड्या गेल्या. लोक त्याला रेडर्सचे मालक अल डेव्हिस यांच्या नावावरून कुत्सितपणे 'माउंट डेव्हिस' म्हणतात. रेडर्स २०२० मध्येच लास वेगासला पसार, स्टँड मात्र तिथेच! मैदान खराब झालं नाही, केलं गेलं.

हिशेबनीस: भावना ठीक. २०२३ च्या अख्ख्या मोसमात प्रेक्षक सव्वाआठ लाखांच्या आसपास. सामन्यामागे जेमतेम दहा हजार. धंदा असा चालत नाही.

बार्टचा_पूल: अहो, ऑल्सन, चॅपमनसारखे चांगले खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकायचे, वर सीझन तिकिटं महाग करायची आणि मग म्हणायचं लोक येत नाहीत! त्याच २०२३ मध्ये १३ जूनला चाहत्यांनी ठरवून गर्दी केली. मंगळवारी २७,७५९ माणसं, कितीतरी जणांच्या हिरव्या टी-शर्टवर एकच शब्द: 'विका'. मालक जॉन फिशर यांना उद्देशून.

हिशेबनीस: एका संध्याकाळच्या गर्दीवर मैदान बांधून होत नाही. लास वेगासच्या मैदानासाठी नेव्हाडा राज्याने ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा मंजूर केला. ओकलंडने बंदराजवळच्या हॉवर्ड टर्मिनलच्या जागी नवं मैदान बांधण्यावर वर्षानुवर्षं नुसत्या वाटाघाटी केल्या.

बार्टचा_पूल: अब्जाधीशाच्या मैदानाला करदात्यांनी पैसे द्यायचे, आणि हात आखडला तर शहर नालायक? वा!

सॅक्रामेंटोची_सून: तुमचं चालू द्या, पाहुणे आमच्याकडे उतरलेत. सटर हेल्थ पार्क हे मायनर लीगचं, म्हणजे खालच्या पातळीवरच्या संघांचं मैदान, साधारण चौदा हजारांचं, आणि तेही इथल्या रिव्हर कॅट्स संघासोबत वाटून घेतलेलं. ड्रेसिंग रूम डगआउटला (खेळाडूंच्या बाकांना) लागून नाही, मैदानाच्या पार टोकाच्या, आउटफिल्डच्या भिंतीपलीकडे आहे. चोप खाल्लेल्या पिचरला सगळ्यांदेखत मैदान ओलांडून जावं लागतं. एवढं करून संघाच्या नावात सॅक्रामेंटो नाहीच, नुसतं 'अ‍ॅथलेटिक्स'.

फ्रीमाँटकर: ताई, २०२८ पर्यंतच राहायचंय, पाटी कशाला रंगवतील?

बार्टचा_पूल: बघा, हे तुम्हीच बोललात.