मदत हवी आहे: नव्या प्रॉडक्टला खरी मागणी आहे, हे आकड्यांत कुठे बघायचं?

एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे थोडे शेअर्स आहेत. नवं प्रॉडक्ट आलं की कुणीतरी बडी कंपनी हिला विकत घेणार, अशी हवा आहे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये लिंक्डइनला बाजारभावापेक्षा जवळपास ५० टक्के जास्त दिले, हा दाखला जो तो देतो.

ताळेबंद, रोखप्रवाह वाचून झाले. प्रॉडक्ट बनवण्याच्या खर्चाचा मोठा भाग त्या वर्षाचा खर्च न दाखवता मालमत्तेत टाकलाय, म्हणून नफा गोंडस दिसतो. ग्राहकांकडून आगाऊ आलेली रक्कम मात्र वाढलेली नाही, जागच्या जागी. कर्ज नाही. प्रवर्तकांकडे निम्म्याहून जास्त हिस्सा, म्हणजे त्यांच्या मनाविरुद्ध ताबा विसराच.

टिप्स नकोत, घेऊ की विकू हेही विचारत नाही. लाँचनंतर ग्राहक पैसे मोजताहेत की नुसतं फुकट वापरून बघताहेत, हे तिमाही निकालांत सर्वांत आधी कुठे कळतं?